वाकळेच्या कोपऱ्यात तुमचं नाव

तुळजापूर,
वैशाख शुद्ध पंचमी

आदरणीय बाई,



तुमच्या दारापर्यंत यायला मला फार वेळ लागत नाही. तरी पत्र लिहिते आहे, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं, कारण जे सांगायचं आहे ते तुमच्या एकटीपुरतं नाही. जन्मभर दुसऱ्यांची कापडं शिवून झाल्यावर आता घरातल्या जुनेरातून काहीतरी उभं करत बसलेल्या बाया आपल्या गावात गल्लीगल्लीत आहेत. त्यांनीही हे वाचावं. तुमचं नाव मात्र मी इथे लिहिलेलं नाही. ते आधी कुठे यायला हवं, त्याचसाठी हे पत्र आहे.

शाळेतून तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी जो उठला तो एकच सांगत होता, बाईंनी आता आराम करावा. शाल झाली, नारळ झाला, साडी झाली. तुम्ही हात जोडून ऐकत होतात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. शाळेची हजेरी संपली म्हणून सुईची संपत नाही. पाडव्याला गुढीचा खण तुम्ही स्वतः काठ लावून तयार केलात आणि दुसऱ्याच दिवशी कपाटाच्या वरच्या कप्प्यातली बोचकी खाली उतरली. तेव्हापासून या उन्हाळ्यात तुमच्या घरी जे चाललं आहे ते मी जमेल तेव्हा येऊन बघते आहे. लोक म्हणतात, बाईंचा वेळ बरा जातो. बाई, मला त्या वाक्याचा राग येतो. वेळ घालवायला कुणी वाकळ शिवायला घेत नाही. एक वाकळ पुरी होईपर्यंत पाठ, मान आणि डोळे काय सोसतात ते शिवणारीलाच ठाऊक.

आपल्या भागात वाकळेचा मोसम हाच. ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी लागल्या की शेतातल्या कामाला थोडी उसंत मिळते. धुतलेलं जुनेर एका दिवसात कडकडीत वाळतं. पाहुणे यायच्या आत ओसरी मोकळी असते. आणि मृग लागायच्या आत शेवटचा टाका पडला नाही तर अर्धी वाकळ गुंडाळून ठेवावी लागते, तिला ओल धरते, वास बसतो. त्यामुळे चैत्र-वैशाखात पापड-कुरडयांच्या बरोबरीनं वाकळ निघते. तुम्ही शाळेत होतात तेव्हा हे दोन महिने परीक्षा, निकाल आणि लग्नसराईतले ब्लाउज यांतच जायचे. लग्नाच्या तिथी दाट असल्या की रात्री बारापर्यंत तुमच्या पायमशीनचा आवाज यायचा. कटोरी, अस्तर, फॉल, पिको. दुसऱ्याच्या अंगाचं माप, दुसऱ्याच्या लग्नाची तारीख. या वर्षी पहिल्यांदा तुमच्या ओसरीत असं काहीतरी पसरलं आहे ज्याला कुणाचं माप नाही आणि कुणाची तारीख नाही.

ते कसं उभं राहिलं हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. शिकवणाऱ्या हातांना आपण काय करतो याचा विसर पडलेला असतो, आणि बघणाऱ्यांना ते कधी नीट सांगितलेलं नसतं. आधी तुम्ही सगळं जुनेर सोड्याच्या पाण्यात उकळलंत. मग शर्टांच्या शिवणी उसवल्या, गुंड्या काढून डब्यात टाकल्या, कॉलरचं आतलं कडक कापड बाजूला केलं, कारण ते सुईला आडवं येतं. तळाला सासूबाईंचं सुती नऊवारी लुगडं अंथरलं. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ते असं ताणलंत की एक सुरकुती राहिली नाही. त्यावर धोतर, विरलेल्या चादरी, जिथे पातळ वाटलं तिथे आणखी एक तुकडा. वरच्या पानाला तुकड्यांचा मेळ. आणि मग कडेनं सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन, एका बोटाच्या अंतरानं धावदोरा, थेट मध्यापर्यंत. शेजारच्या दोघी समोरच्या बाजूला येऊन बसतात. त्यांचा टाका तुमच्यापेक्षा मोठा पडतो. तो तुम्ही उसवत नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. वर्गात तुम्ही आमचा प्रत्येक वाकडा टाका उसवायला लावत होतात.

नायलॉन-पॉलिस्टरची साडी वाकळेत घालायला तुमचा विरोध आहे. कारण तुम्ही मला बोटानं दाखवलंत. ती सुईखाली सरकते, त्यामुळे थर जागचे हलतात. घाम पीत नाही. सुती कापड जितकं धुवाल तितकं मऊ होतं. हिचं तसं होत नाही, ती फक्त विटते. पण आता घराघरातून जुनेर निघतं ते बहुतेक असलंच. सुती लुगडं नेसणारी पिढी उठून गेली आणि तिच्या मागे वाकळेचा तळही गेला. तुमच्याकडे अजून सासूबाईंची लुगडी शिल्लक आहेत, ती संपली की तुमच्या पद्धतीची वाकळ शिवायला कापड आणायचं कुठून हा खराच प्रश्न आहे. बाजारात ब्लँकेट स्वस्त झालं म्हणून वाकळ मागे पडली असं सगळे सांगतात. कापडच बदललं, हे कारण मला त्याहून मोठं वाटतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

या वाकळेच्या वरच्या पानात सरांचे, तुमच्या यजमानांचे, दोन शर्ट आहेत. निळ्या बारीक रेघांचा एक आणि दुसरा पांढरा. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

दुपारी बारा ते चार, ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत येतं तेव्हा, वाकळ गुंडाळून तुम्ही क्रोशाची सुई हातात घेता. साखळी, खांब, साखळी, खांब. दाराचं तोरण चाललं आहे. आणि लोकर फक्त रात्री, गच्चीवर, बालाघाटावरून जरा वारा सुटला की. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते आणि घामेजल्या बोटांना चिकटते, म्हणून दिवसा तुम्ही तिला हात लावत नाही. भाचीच्या बाळाचं टोपडं तुम्ही दोन सुलट दोन उलट अशा पट्टीवर घेतलंत तेव्हा मी विचारलं होतं की याच्यातच का. तुम्ही पट्टी दोन्ही हातांनी ओढून सोडलीत. सुलट टाके पुढे येतात, उलटे मागे सरतात, कापड आपोआप घडी घालून बसतं आणि ओढलं की उलगडतं. त्यामुळे तेच टोपडं बाळाला या थंडीतही होईल आणि पुढच्या थंडीतही. एवढं सोपं करून सांगणाऱ्या माणसाला आपण ‘रिकाम्या बसल्या आहेत’ म्हणून फॉल लावायला साड्या आणून देतो, आणि वर पैसे विचारायचे राहूनच जातात. बाई, त्या साड्या परत पाठवा. किंवा दर सांगा. याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, समोर येऊन भांडेन.

आता तुमच्या फिरण्याविषयी. हा तुमच्या उन्हाळ्याचा दुसरा काठ, आणि तो मला फार आवडतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आपल्या स्टँडवर सकाळच्या गाड्यांत एकट्यादुकट्या बाया दिसायला लागल्या आहेत. पूर्वी त्या लग्नाला किंवा दवाखान्यालाच निघायच्या. आता नुसत्या काही बघायलाही निघतात. सकाळी जायचं आणि दिवेलागणीला घरी. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला तुम्ही येरमाळ्याला गेलात, येडेश्वरीच्या त्या गर्दीत चुनखडीचे खडे वेचलेत. नळदुर्गला आपण बरोबर गेलो होतो. उन्हाळ्यात बोरी नदीला पाणी नसतं, नर-मादी धबधबे कोरडे असतात, म्हणून लोक नाक मुरडतात. मला तर पाणी महाल तेव्हाच नीट दिसला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल काढला, साल १६१३. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत खोलीत गारवा. तिथल्या भिंतीत फारसी शिलालेख कोरलेला आहे. तुम्ही कमानीची महिरप तिकिटाच्या पाठीवर उतरवून घेतलीत. तोरणाचा खालचा काठ तिच्यावरून आला, हे तोरण बघणाऱ्या कुणालाही कळणार नाही. याच नळदुर्गात इंग्रज अधिकारी कर्नल मेडोज टेलर राहायचा. त्यानं आपल्या तुळजापूरच्या एका मुलीला नायिका करून ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, ती १८६३ मध्ये छापून आली.

सोलापूरची फेरी तुमची कामाची असते. चाटी गल्लीत दोऱ्याच्या दुकानात तुम्ही रीळ उलगडून तोडून बघता, दुकानदार काही म्हणत नाही. तिथल्या पहिल्या कापडगिरणीला १८७७ मध्ये सुरुवात झाली, पुढे गिरण्या बंद पडल्या, चादर मात्र टिकली आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. एक गोष्ट तुम्ही पाहिली असेलच. सोलापुरी चादरीच्या काठात कारखान्याचं नाव विणलेलं असतं. चादर विरली तरी नाव वाचता येतं.

पण मला थांबायचं आहे ते तेरला. धाराशिवला गाडी बदलून आपण गेलो. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन झालं, विटांचं ते त्रिविक्रमाचं जुनं देऊळ झालं, आणि मग रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात आलो. त्यांनी वर्षानुवर्षं गावाच्या पांढरीतून, नदीकाठातून गोळा केलेल्या वस्तूंवर ते उभं आहे. मणी, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या वस्तू. आणि ती हस्तिदंताची बाई, अंगभर दागिने ल्यालेली. तशाच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात. आपल्या तेरचं, म्हणजे तेव्हाच्या तगरचं, रोमन जगाशी किती जाणं-येणं होतं ते त्या एका गोष्टीवरून कळतं.

तुम्ही मात्र त्या बाईपाशी फार थांबला नाहीत. काचेत कापड कुठे आहे, असं तुम्ही विचारलंत. तिथल्या माणसानं सांगितलं की कापड नाही.

बाई, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तगर जगाला माहीत होतं ते कापडासाठीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक खलाशानं, बहुधा व्यापारीच असावा, ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रप्रवासाचं टिपण लिहिलं. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर आहे असं म्हटलं आहे. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, नीट रस्तेही नसलेल्या मुलखातून भडोचला जाते आणि तिथून जहाजावर चढते. म्हणजे आज आपण अर्ध्या तिकिटात जिथे जाऊन येतो तिथलं सूत दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होतं. आणि समुद्रातली कवडी इकडे बालाघाटावर येऊन आपल्या आराध्यांच्या गळ्यात माळ होऊन बसली. त्या कवड्यांच्या माळेला अलीकडे मानांकन मिळालं, ते आपल्या गावाला भूषणच आहे. पण जे इथून गेलं त्याचं काय?

तेरमध्ये त्यातला धागाही उरला नाही. आपल्याकडची काळी माती, पावसाची ओल, वाळवी. कापड इथे टिकत नाही. ते टिकलं ते दूर, इजिप्तच्या कोरड्या वाळूत. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं जुनं बंदर होतं, तिथल्या उत्खननात भारतातून आलेल्या सुती कापडाचे तुकडे निघाले. ते तगरचे होते असं मी म्हणत नाही. पण कुणीतरी ते विणले होते, कुणीतरी रंगवले होते. त्या ‘कुणीतरी’चं नाव ना वाळूत उरलं, ना मातीत. पाणी महालाच्या दगडावर लेख आहे. विणणारीचं, शिवणारीचं मात्र काहीच कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून माझं मागणं आहे की ही वाकळ पुरी झाली की तिच्या कोपऱ्यात तुमचं नाव घाला.

तुम्ही हसाल. वाकळेवर कधी कुणी नाव घातलं आहे का, असं म्हणाल. पण बाई, आपल्याकडे स्टीलच्या वाटीवर नाव असतं! कुणी दिली, कुणाला दिली, कशानिमित्त, कोणत्या तारखेला, सगळं त्या बारीक टिंबांच्या अक्षरांत कोरलेलं. माझ्या घरातला पिठाचा डबा कुणाच्या लग्नातला आहे ते मी अंधारात बोट फिरवून सांगू शकते. दुकानातून विकत आणलेल्या डब्याला एवढा मान, आणि सहा-सहा आठवडे बसून हातानं शिवलेल्या वाकळेला काहीच नाही? ज्या घरी ती जाते तिथे दोन पिढ्यांनी एवढंच उरतं की जुनी आहे, कुणीतरी शिवली होती.

आणि अक्षरं काढायला आपल्या बायांना येत नव्हती असंही नाही. रुखवतातल्या पडद्यावर ‘सुस्वागतम्’ होतं. उशीच्या अभ्र्यावर ‘शुभरात्री’ होतं. रुमालावर नवऱ्याच्या नावाची अक्षरं कशिद्यात काढलेली होती, तीही वेलबुट्टीसकट. तुम्हीच आम्हाला साखळी टाक्यात ‘आई’ लिहायला शिकवलंत. सगळ्यांची नावं सुईनं काढून झाली. सुई धरणारीचं तेवढं राहिलं.

तुम्ही आणखी एक म्हणाल ते मला आधीच माहीत आहे. भाद्रपदात देवीच्या निद्रेआधी तिच्या गाद्यांचा कापूस साफ करायला बाया बसतात, तो पिंजला जातो, गाद्या नव्यानं भरल्या जातात. त्या गादीवर कुणाचं नाव असतं का? सेवेला नाव कशाला? या बोलण्यापुढे माझी मान खाली जाते, पण पूर्ण नाही. देवीच्या दारी नाव कोरलेलं नसलं तरी मान ठरलेला असतो. पलंगाचा मान कुणाचा, पालखीचा कुणाचा, पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावाला तोंडपाठ असतं. तिथे नाव माणसांच्या तोंडी टिकतं. घरातल्या वाकळेचा मान कुणाच्या तोंडी आहे? ज्या बाईची सेवा लोक लक्षात ठेवतात तिला नाव घालायची गरज नाही, हे मला मान्य आहे. जिची कुणी लक्षात ठेवत नाही तिच्यासाठी मी बोलते आहे.

परदेशातली एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या ओसरीतलीच वाटते. अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणावर गीज बेंड नावाचं गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या शेतमजुरांच्या वंशातली तिथली वस्ती. गरिबी अशी की पांघरुणं विकत घेणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथल्या बायांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांची पांघरुणं शिवली. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांचं पांघरूण केलं. पुढे २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या पांघरुणांचं प्रदर्शन भरलं, ते नंतर न्यूयॉर्कला गेलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे की भिंतीवर प्रत्येक पांघरुणाशेजारी शिवणारीचं नाव होतं. ॲनी मे यंग, मेरी ली बेंडॉल्फ, आर्लोन्झिया पेटवे. आर्लोन्झिया ही मिसूरीची मुलगी. कित्येक दशकांपूर्वी एखाद्या हिवाळ्यात कुणी काय शिवलं ते आज सांगता येतं, कारण विचारणारे आले तेव्हा सांगणाऱ्या जिवंत होत्या.

आपल्याकडेही कुणी विचारलंच नाही असं नाही. गीता खंडेलवाल या स्वतः गोधड्या करणाऱ्या बाईंनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत मोठं पुस्तक केलं. पण एक बाई किती ओसऱ्यांवर पोहोचणार? आणि संग्रहालयवाले आपल्याकडे येतील तेव्हा येतील. त्यांची वाट बघायची म्हटलं तर तेरच्या कापडासारखं होईल. तोवर ही नोंद आपणच, कापडावरच करायला हवी. वाकळ स्वतःच आपला कागद होऊ शकते.

कसं करायचं ते मी बराच विचार करून ठरवलं आहे, चुकत असेन तर तुम्ही दुरुस्त कराच. वरच्या पानावर नको, तिथे तुमच्या तुकड्यांचा मेळ मोडेल. पाठीच्या बाजूला, पायाकडच्या उजव्या कोपऱ्यात, वीतभर लांबीची पांढरी सुती पट्टी. पट्टी आधीच शिवून, तिच्यावर अक्षरं काढून, मग ती चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी बसवायची, म्हणजे वाकळेच्या सगळ्या थरांतून गाठी येणार नाहीत. दोरा लाल, पक्क्या रंगाचा; आधी ओल्या फडक्यावर घासून बघायचा. टाका साखळीचाच, कारण धावदोरा धुण्यात ओढला गेला की अक्षर विस्कटतं. शिरोरेघा सगळ्यांत शेवटी.

पट्टीवर चार गोष्टी असाव्यात. तुमचं नाव, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठं. पुढे माहेरचं आडनाव लावायचं की सासरचं, की दोन्ही, की काहीच नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यात मी पडत नाही. मग ‘तुळजापूर’. मग साल. आणि एका ओळीत, कापड कुणाकुणाचं आहे ते. ‘सासूबाईंचं लुगडं, सरांचे शर्ट’ एवढं पुरे. शेजारच्या ज्या दोघींनी समोरून टाके घातले त्यांचीही नावं यावीत असं मला वाटतं. त्यांचे मोठे टाके तुम्ही ठेवलेत, नावंही ठेवाल.

कुंचीचंही तसंच. भाचीच्या बाळंतविड्यासाठी तुम्ही खणाची जी कुंची शिवली आहे, काठाला मणी लावून, ती बारशाला आत्या बाळाला घालेल, फोटो निघतील, आणि मूल मोठं झालं की ट्रंकेत जाईल. त्या कुंचीच्या आत, मानेच्या बाजूला, बोटभर जागा आहे. तिथे तुमच्या नावाचं पहिलं अक्षर आणि साल तरी घाला. बाळाच्या कातडीला गाठ टोचू नये म्हणून आतून मलमलीचा तुकडा लावावा लागेल, ते तुम्हाला मी काय सांगणार.

आणि एक विनंती आहे, ती मुलींकरता. सुट्टी लागल्यापासून गल्लीतल्या सात-आठ मुली दुपारी तुमच्या ओसरीत येऊन बसतात. त्यांच्या आयांना वाटतं की मोबाइलपासून तेवढ्याच लांब राहतील. मुलींना मात्र खरंच शिकायचं आहे. परवा एकीनं मला क्रोशाचा खांब करून दाखवला, घट्ट झाला होता पण सरळ होता. तुम्ही आम्हाला पहिल्या तासाला धावदोरा दिला होता, मग तुरपाई, मग काज. या मुलींचा पहिला धडा वेगळा असावा. प्रत्येकीला जुन्या धोतराचा हातभर तुकडा द्या आणि तिचं तिला स्वतःचं नाव साखळी टाक्यात काढू द्या. वेलांटी, उकार, जोडाक्षर, सगळं त्यात येतं. वळणावर टाका लहान घ्यावा लागतो हे आपोआप कळतं. ज्यांच्या नावात जोडाक्षर आहे त्या रडकुंडीला येतील, त्यांना थोडी मदत करा.

लाल रीळ मी आणते आहे. येत्या मंगळवारी सोलापूरला जायचं आहे, चाटी गल्लीतल्या तुमच्याच दुकानातून घेईन आणि तोडून बघेन. पट्टीसाठी कापड तुमच्याकडे आहे का तेवढं निरोपानं कळवा, नाहीतर तेही आणते. आणि पाऊस पडायच्या आत तेरला पुन्हा जायचं का ते सांगा. संग्रहालयातल्या त्या माणसाला विचारायचं आहे की तुमच्या सासूबाईंच्या लुगड्याचा एक तुकडा, नाव घालून, त्यांच्या काचेत ठेवून घेतील का. तुम्ही बरोबर असलात तर विचारायला मला जोर येईल.

कळावे. तब्येतीला जपा, उन्हात गच्चीवर चढू नका.

तुमची विद्यार्थिनी